ऊन, त्वचा आणि शेवाळ : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत शेवाळ फिरून फिरून आले. सीरममधले, गोळीतले, कातळावरचे, गच्चीच्या कठड्यावरचेसुद्धा. म्हणून बाकीची पत्रे पुढच्या अंकावर ढकलून ही सगळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : एका सीरमच्या बाटलीवर 'लाल समुद्रशेवाळाचा ५ टक्के अर्क, निसर्गाचे स्वतःचे सनस्क्रीन' असे छापले आहे. एसपीएफचा आकडा कुठेच नाही. रोजच्या सनस्क्रीनऐवजी हेच लावले तर चालेल का? (पुणे)

नाही चालणार. एसपीएफचा (उन्हाने भाजण्यापासून किती संरक्षण मिळते त्याचा) आकडा छापलेला नाही, यातच उत्तर आले. पण दावा निव्वळ थापही नाही, म्हणून जरा खोलात जाऊ.

पॉर्फिरासारखी लाल शेवाळे (सुशीभोवती गुंडाळतात ती नोरी याच कुळातली) भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाढतात. ओहोटी लागली की तासन्‌तास उघड्यावर ऊन खात पडायचे, सावलीत सरकायची सोय नाही. म्हणून ही शेवाळे अतिनील किरण शोषणारे छोटे रेणू स्वतःच तयार करतात. त्यांना मायकोस्पोरिनसदृश अमिनो आम्ले म्हणतात, थोडक्यात एमएए. त्यातले शिनोरीन आणि पॉर्फिरा-३३४ हे दोन महत्त्वाचे. दोघांचेही शोषण ३३४ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त, म्हणजे यूव्हीए या लांब तरंगलांबीच्या अतिनील पट्ट्यात (३१५ ते ४००). शोषलेली ऊर्जा ते उष्णतेच्या रूपाने सोडून देतात आणि स्वतः जवळजवळ शाबूत राहतात. सनस्क्रीनमधला ॲव्होबेन्झोन उन्हात तुटतो, त्याला सांभाळायला दुसरा घटक घालावा लागतो. इथे शेवाळाचा रेणू सरस ठरतो. प्रकाश शोषण्याची ताकद म्हणाल तर तीही ॲव्होबेन्झोनच्या तोडीची आहे.

मग अडते कुठे? मात्रेत. ५ टक्के अर्क म्हणजे ५ टक्के एमएए नव्हे. प्रसाधनांसाठी मिळणाऱ्या अशा एका प्रचलित अर्कात एमएए असते ०.१ टक्का. असा अर्क ५ टक्के घातला की क्रीममध्ये उरते ०.००५ टक्का. एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून करतात. तेवढ्या थरात एमएए भरते ०.१ मायक्रोग्रॅम. पॉर्फिरा-३३४ चा रेणूभार ३४६ आणि मोलर शोषणांक (रेणू प्रकाश किती जोरात शोषतो त्याचे माप) ४२,३०० धरून हिशेब केला तर थराचे शोषण येते सुमारे ०.०१२ (या मापात १ म्हणजे दहावा हिस्सा प्रकाश पार जातो, २ म्हणजे शंभरावा). म्हणजे ज्या तरंगलांबीवर हा रेणू सर्वांत जोरात काम करतो, तिथेसुद्धा तीन टक्क्यांहून कमी प्रकाश अडतो. बाकीचा सत्त्याण्णव टक्के थेट तुमच्या त्वचेत जातो. हेच एमएए १ टक्का असते तर शोषण २.४ च्या घरात गेले असते आणि त्या तरंगलांबीचा अर्धा टक्काही प्रकाश आत शिरला नसता. तोही थर अगदी एकसारखा बसला तर, आणि चेहऱ्यावर तो तसा कधीच बसत नाही.

दुसरी गोष्ट. उन्हाने त्वचा भाजते ती मुख्यतः यूव्हीबीमुळे (आखूड तरंगलांबीच्या अतिनील किरणांमुळे), त्यातही ३१० नॅनोमीटरच्या खालच्या किरणांमुळे. तिथे पॉर्फिरा-३३४ ढिला पडतो. युरोपीय संघाच्या मान्य सूर्यगाळकांच्या यादीत अजून एकही एमएए नाही, त्यामुळे तिथे त्याच्या नावावर एसपीएफ सांगता येत नाही.

सीरम घरात आहेच तर वापरा, पण सनस्क्रीनखाली. आधी सीरम, ते कोरडे होईपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबायचे, मग चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढे सनस्क्रीन. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. दोन्ही तळहातावर कालवून एकदम लावू नका. सनस्क्रीन पातळ होते, थर फाटतो आणि बाटलीवरचा एसपीएफ बाटलीवरच राहतो.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडच्या कातळावर जांभळट-तपकिरी, ओल्या पापुद्र्यासारखे शेवाळ येते आणि पाऊस सरला की दिसेनासे होते. ते नोरीचेच भावंड का? त्यातले एमएए कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोजता येईल का? (वेंगुर्ले, वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी)

वर्णनावरून ते पॉर्फिरा व्हिएतनामेन्सिस असावे. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर भरतीरेषेच्या वरच्या पट्ट्यातल्या खडकांवर ते पावसाळ्यातच येते, आणि त्यात पॉर्फिरा-३३४ असल्याचे आपल्याकडच्या संशोधकांनी दाखवले आहे. मोजता नक्की येईल.

आधी गोळा करण्याबद्दल. ओहोटीच्या वेळी, दोघींनी मिळून, आणि समुद्र खवळलेला नसेल तेव्हाच जा. पावसाळ्यातला तो कातळ साबणासारखा निसरडा असतो. मूठभर पुरे. बुडखा खडकावर ठेवून वरचा पापुद्रा हाताने तोडा, म्हणजे पुन्हा वाढतो. वाळू आणि चिकटलेले किडे तिथल्याच समुद्राच्या पाण्यात धुवा. गोड्या पाण्यात फक्त एक झटपट बुचकळी. एमएए पाण्यात सहज विरघळते. घरी आणून बादलीत तासभर भिजत घातले तर जे मोजायचे तेच मोरीत जाईल. टिपकागदावर पाणी टिपून सावलीत पंख्याखाली वाळवा, मग ४० अंशांच्या ओव्हनमध्ये कुरकुरीत करा. पूड करून काळपट बाटलीत, घट्ट झाकण लावून ठेवा.

आता अर्क. १०० मिलिग्रॅम पूड झाकणाच्या नळीत घ्या. त्यावर १० मिली द्रावण घाला : २ मिली मिथेनॉल, ८ मिली ऊर्ध्वपातित पाणी. ४५ अंशांच्या जलकुंडात दोन तास, मधूनमधून हलवत. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे. धूरपेटीत काम करा, बर्नर लांब. नंतर मिनिटाला ५००० फेऱ्यांवर दहा मिनिटे सेंट्रिफ्यूज करा. वरचे पाणी गुलाबीसर दिसेल. तो फायकोएरिथ्रिन या शेवाळातल्या लाल रंगद्रव्याचा रंग आहे, एमएएचा नव्हे. एमएए डोळ्यांना दिसत नाही. हे पाणी त्याच द्रावणाने दहापट पातळ करा, कोऱ्या नमुन्यासाठीही तेच द्रावण घ्या आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणारे यंत्र) २८० ते ४०० नॅनोमीटर आलेख काढा. ३३० ते ३३४ ला ठसठशीत उंचवटा यायला हवा.

तो आला नाही तर आधी क्युव्हेट (यंत्रात नमुना ठेवायची चौकोनी नळी) बघा. बहुतेकदा चूक तिथेच असते. साधी काच आणि प्लॅस्टिकची स्वस्त क्युव्हेट या भागातला प्रकाश स्वतःच गिळतात. क्वार्ट्झचीच हवी. अख्खा आलेख डावीकडे चढत गेला असेल तर अर्क गढूळ आहे, पुन्हा सेंट्रिफ्यूज करा. ३०० च्या खालचा उंचवटा प्रथिनांचा वगैरे असतो, तो मोजू नका. शोषण १.५ च्या वर गेले तर आणखी पातळ करा.

उदाहरण घेऊ. पातळ केलेल्या नमुन्याचे शोषण ३३४ ला ०.६० आले. ०.६० भागिले ४२,३०० म्हणजे ०.०००१४२ मोलर, हे पातळ केल्याचे दहापट धरूनच. १० मिलीमध्ये ते होतात १.४२ मायक्रोमोल. गुणिले ३४६, म्हणजे ०.४९ मिलिग्रॅम. १०० मिलिग्रॅम पुडीत ०.४९, म्हणून दर ग्रॅमला ४.९ मिलिग्रॅम. हा एकूण एमएएचा अंदाज झाला. त्यात पॉर्फिरा-३३४ किती आणि शिनोरीन किती हे वेगळे करायला एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) लागेल.

आता हा आकडा पहिल्या प्रश्नाशेजारी ठेवा. ५० ग्रॅमच्या एका डबीत १ टक्का एमएए घालायचे तर ५०० मिलिग्रॅम हवे, म्हणजे काही वाया न जाता सगळे उतरले तरी सुमारे १०० ग्रॅम वाळलेले शेवाळ एका डबीमागे. ०.००५ टक्क्यावर का भागवतात ते कळेल. म्हणूनच आता जंतूंकडून एमएए बनवून घेण्यावर भर आहे. २०१० मध्ये बाल्स्कस आणि वॉल्श या संशोधकांनी ॲनाबिना या नीलहरित शेवाळातली शिनोरीन बनवणारी चार जनुके शोधून ती ई. कोलाय या जिवाणूत चालवून दाखवली, आणि तिथून हा रस्ता उघडला.

प्रश्न : स्पिरुलिनाची पूड, दही आणि लिंबू यांचा लेप लावून मग उन्हात कामाला जाते. उन्हापासून संरक्षण होते का? (नागपूर)

उलट होण्याची शक्यता जास्त. स्पिरुलिना या शेवाळात भरपूर हरितद्रव्य असते. ते जुने झाले, नीट वाळवलेले नसले किंवा त्याला आम्ल लागले की मोडू लागते, आणि त्या मोडतोडीत तयार होणारे फिओफोर्बाइड प्रकाश पडला की त्वचेला इजा करते. जपानमध्ये १९७७ साली क्लोरेला या हिरव्या शेवाळाच्या गोळ्या खाल्लेल्यांची त्वचा उन्हात सुजली, ती यामुळेच. ते खाण्यातून झाले होते, लेपातून नव्हे. तरी आंबट दही, लिंबू आणि हिरवी पूड एकत्र करून भर उन्हात निघणे शहाणपणाचे नाही. लिंबाच्या रसाचे तर उन्हात काळे डाग पडतातच. लेपाची हौस असेल तर रात्री, लिंबू वगळून, पंधरा मिनिटे ठेवून स्वच्छ धुवा. उन्हासाठी सनस्क्रीन, पूर्ण बाह्या आणि डोक्यावर टोपी किंवा ओढणी.

प्रश्न : छोटा प्रसाधन कारखाना आहे. कार्बोमरच्या जेल-क्रीममध्ये १० टक्के झिंक ऑक्साइड आणि ३ टक्के समुद्रशेवाळाचा अर्क घातला. दुसऱ्या दिवशी क्रीम पाण्यासारखे पातळ, आठवड्यात रवाळ. काय चुकले? (कोल्हापूर)

एकच चूक नाही, तीन एकत्र आल्या आहेत.

पातळ झाले ते मिठामुळे. कार्बोमरच्या साखळ्या एकमेकींना दूर ढकलतात म्हणून जेल घट्ट राहते. क्षार आले की ते ढकलणे थांबते आणि जेल कोसळते. समुद्रशेवाळाच्या अर्कात क्षार असायचेच. कार्बोमर काढा. त्याऐवजी ०.३ टक्का झँथन गम आणि तेलाच्या टप्प्यात २ ते ३ टक्के सीटोस्टेरिल अल्कोहोल घ्या. झँथन आधी ग्लिसरीनमध्ये कालवूनच पाण्यात सोडा, नाहीतर गाठी होतात.

रवाळपणाची कारणे दोन. झिंक ऑक्साइड पाण्यात कोरडेच टाकले असेल तर कण एकमेकांना धरून बसतात, मग कितीही घुसळा. लेपित प्रतीचे झिंक घ्या, कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइडमध्ये थोडे पॉलिहायड्रॉक्सिस्टिअरिक ॲसिड घालून त्यात खला, होमोजिनायझरखाली फिरवा आणि मग तेलाच्या टप्प्यात मिसळा. काचेच्या पट्टीवर थेंब पसरून उजेडासमोर धरा : ठिपके दिसले तर अजून फिरवायला हवे. दुसरे कारण, अर्क तपकिरी शेवाळाचा असेल तर त्यात अल्जिनेट हे चिकट द्रव्य असते. आम्लधर्मी मिश्रणात झिंक थोडे विरघळते आणि अल्जिनेटला पकडून बारीक गोळ्या करते. पीएच ७ ते ७.५ ठेवा.

इथे एक खाच आहे. या पीएचला सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही परिरक्षके जवळपास निकामी असतात; त्यांना ५ च्या खालचे आम्ल लागते. फिनॉक्सिइथेनॉल घ्या, १ टक्क्याच्या वर नको, जोडीला इथाइलहेक्सिलग्लिसरीन. शेवाळाचा अर्क म्हणजे जंतूंना मेजवानी, त्यामुळे या बाबतीत काटकसर नको. अर्क सगळ्यांत शेवटी, ४० अंशांखाली आल्यावर घाला. पुरवठादाराकडून प्रत्येक खेपेचे प्रमाणपत्र मागा : क्षार, आर्सेनिक, जड धातू, जंतुसंख्या. तपकिरी शेवाळे आर्सेनिक साठवतात.

आणि डबीवर एसपीएफ छापण्याआधी तयार मालाची चाचणी करून घ्या. '१० टक्के झिंक म्हणजे अमुक एसपीएफ' असा कागदावरचा हिशेब चालत नाही. तेच झिंक नीट पसरले तर एक आकडा येतो, गाठी राहिल्या तर त्याच्या निम्माही येत नाही.

प्रश्न : 'आतून सनस्क्रीन' म्हणून शेवाळाच्या गोळ्या मिळतात. मी ॲस्टाझँथिन घेते, यजमान बीटा-कॅरोटीन. त्यांना सिगारेटची सवय आहे. मला थायरॉइड आहे. (नाशिक)

यजमानांची गोळी आजच थांबवा. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष १९९४) रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. गोळीतले बीटा-कॅरोटीन ड्युनालिएला शेवाळातले आहे, 'नैसर्गिक' आहे, म्हणून हा धोका पत्करू नका. गाजर, भोपळा खुशाल खाऊ द्या.

तुमचे ॲस्टाझँथिन हिमॅटोकॉकस या शेवाळातून येते. रोज ४ मिलिग्रॅम, नऊ-दहा आठवडे घेतल्यावर त्वचा लाल व्हायला थोडे जास्त ऊन लागले, असे जपानमधल्या एका चाचणीत दिसले. पण त्यात माणसे दोन डझनही नव्हती आणि फरक लहान होता. घ्यायचेच तर जेवणाबरोबर घ्या, स्निग्ध पदार्थाशिवाय ते नीट शोषले जात नाही. प्रौढांसाठी रोज ८ मिलिग्रॅमपर्यंत सुरक्षित असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचे मत आहे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळी म्हणजे सनस्क्रीन असा दावा करणाऱ्या कंपन्यांना अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये ताकीद दिली होती.

थायरॉइडचा संबंध ॲस्टाझँथिनशी नाही, केल्पशी आहे. केल्प, कोंबू ही तपकिरी शेवाळे आयोडिनची कोठारे. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडिन पुरते. कोंबूच्या एका ग्रॅममध्ये ते हजारांवर असू शकते. गोळीच्या घटकांत केल्प, लॅमिनारिया किंवा फ्यूकस दिसले तर ती तुमच्यासाठी नाही.

प्रश्न : तपकिरी शेवाळातले फ्युकॉइडन आणि फ्लोरोटॅनिन सुरकुत्या घालवतात म्हणतात. खरे का? (सोलापूर)

काचेच्या बशीत, हो. यूव्हीएमुळे त्वचेत कोलॅजेन कापणारे विकर वाढते आणि ही द्रव्ये पेशींवर थेट घातली की ते कमी होते. पण क्रीम बशीतल्या पेशींवर लावत नाहीत, अखंड त्वचेवर लावतात. ५०० डाल्टनहून (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) मोठे रेणू त्वचेतून सहसा आत जात नाहीत. डायएकॉल नावाचे फ्लोरोटॅनिन ७४२ चे, फ्युकॉइडन तर हजारो-लाखोंचे. वरच्या वर ओलावा धरून ठेवायला ते चांगले. त्या ओलाव्याने बारीक रेघा काही तास भरल्यासारख्या दिसतात.

माणसांवरचा पुरावा हवा तर ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावाचा घ्या. पंचावन्नच्या आतल्या ९०३ जणांवर साडेचार वर्षे. रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे म्हातारपण, मन मानेल तसे लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी भरले. त्याच चाचणीत काहींना रोज ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनही दिले होते. त्याने एकूण काही फरक पडला नाही. आणि ते सनस्क्रीन होते एसपीएफ १५ चे, साधेसुधे.

प्रश्न : गालांवर वांग आहे. शेवाळाचे सनस्क्रीन नेमाने लावूनही गडद होतो. (ठाणे)

आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत वांग फक्त अतिनील किरणांनी वाढत नाही, दिसणाऱ्या प्रकाशातला निळा-जांभळा भागही तो वाढवतो. एमएए त्या प्रकाशाला हातही लावत नाही. पारदर्शक सनस्क्रीन कोणतेही असो, तेच. लोह ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन घ्या. लावल्यावर रंग दिसला पाहिजे. घरात खिडकीशी बसत असाल तरी लावा. काच यूव्हीबी अडवते, बराचसा यूव्हीए आणि उजेड आत सोडते. तीन महिन्यांत फरक नाही पडला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मालवणला स्नॉर्केलिंगला जाणार आहोत. प्रवाळाला त्रास न देणारे सनस्क्रीन कोणते? (मडगाव)

ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही दोन अतिनील शोषणारी रसायने नसलेले. हवाईत या दोन्हींच्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे. झिंकवाले, पाण्यात टिकणारे घ्या, पंधरा-वीस मिनिटे आधी लावा. त्याहून बरे म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा. तेवढे क्रीमच पाण्यात जाणार नाही. गंमत म्हणजे प्रवाळ स्वतः एमएएच वापरतात. ग्रेट बॅरिअर रीफवरच्या प्रवाळांत असे अतिनील शोषणारे द्रव्य शिबाता या संशोधकाने १९६९ मध्येच नोंदवले होते.

प्रश्न : गच्चीच्या कठड्यावर पावसाळ्यानंतर काळे डाग राहतात. मुलगा म्हणतो तेही शेवाळच, आणि त्यातही सनस्क्रीन असते. खरे? (सांगली)

मुलगा बरोबर आहे. ती बहुतेक नीलहरित शेवाळे असतात, आणि त्यांच्या पेशींभोवतीच्या आवरणात स्किटोनेमिन नावाचे पिवळट-तपकिरी रंगद्रव्य असते. थर दाट झाला की काळा दिसतो. त्याचे शोषण ३७० ते ३८५ नॅनोमीटरला सर्वाधिक, म्हणजे जिथे एमएए कमी पडते नेमके तिथे. ते पाण्यात विरघळत नाही आणि उन्हात टिकते, म्हणून शेवाळ मेले तरी डाग जात नाही. क्रीममध्ये त्याचा उपयोग करण्याचे प्रयत्न आहेत, पण रंग आड येतो.

काढायचे तर सुक्यावर घासू नका. कठडा ओला करा, बादलीभर पाण्यात मूठभर ब्लीचिंग पावडर कालवून निवळ पाणी ब्रशने लावा, वीस मिनिटांनी घासून भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला, कुंड्या आधी हलवा. ब्लीचिंगवर संडास धुण्याचे ॲसिड कधीही ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो. आणि कठडा चुन्याच्या गिलाव्याचा असेल तर नुसते ॲसिडही नको, गिलावाच खाल्ला जाईल.